नाला म्हणण्याआधी मोजा



तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहात. मीही आहे. दिल्लीत मी पाण्याचे नमुने तपासण्याचं काम करते. आज ‘बेसलाइन’ या एकाच शब्दावर बोलायचं आहे.

एखाद्या पाणलोट क्षेत्रात प्रकल्प येण्याआधी तिथली स्थिती मोजून ठेवायची, ती बेसलाइन. पाण्याचा प्रवाह, तापमान, गढूळपणा, सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी. पुढे नुकसान झालं की तुलना याच आकड्यांशी होते.

पल्ला गावाजवळ यमुना दिल्लीत शिरते. पुढे वझिराबाद ते ओखला हा 22 किलोमीटरचा टप्पा नदीच्या लांबीच्या 2 टक्क्यांहून कमी, पण प्रदूषणाचा सर्वांत मोठा बोजा इथेच पडतो. वझिराबादच्या खाली नजफगढ नाला मिळतो. हा ‘नाला’ म्हणजे अरवलीतून येणारी साहिबी नदी! फक्त ओखल्याचा नमुना घेतला, तर यमुना मुळातच घाण वाटेल. पल्ल्याचा, नाल्याच्या वरचा आणि खालचा नमुना घेतला, तर घाण कुठे मिसळली ते कळेल.

आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे ऑक्सिजन किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम हवा. नदी म्हटलं की ही अपेक्षा धरली जाते. नाला म्हटलं की अपेक्षाच संपते. आधी नाव ठेवायचं आणि मग त्या नावाप्रमाणे वागवायचं, ही रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला पाण्यावरचा हक्क बजावला. पुढे मजूरमंत्री असताना, 1945 मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वसंस्था उभी राहिली. नद्यांची पाहणी करून माहिती गोळा करणं हे तिचं एक मुख्य काम होतं. हक्क मागायचा, तर आकडेही हातात हवेत.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. तो घ्या. मूळ अहवालातलं बेसलाइनचं प्रकरण वस्तीत बसून मोठ्याने वाचा. मग सुनावणीत विचारा: नमुने कोणत्या महिन्यात घेतले? कुठून? आमच्या वस्तीचा हातपंप का वगळला? नाल्यात उतरणाऱ्या सफाई कामगारांना कुणी काही विचारलं का?

आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.