परदेशी नोकरी आणि आरोग्यविम्याचा कागद
(संस्थेच्या महोत्सवानिमित्त रामपायली येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा हे योग्यच आहे, आणि आधीच्या वक्त्यांनी तो केलाही आहे. आम्ही मात्र आपले लक्ष एका रुक्ष विषयाकडे वेधणार आहोत. दोन-तीन वर्षांच्या नोकरीसाठी परदेशी जाणारा आपला मुलगा आणि त्याच्या आरोग्यविम्याचा कागद, हा तो विषय होय.

चंदन नदीच्या काठचे आपले हे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. सरहद्द जवळून गेली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. गोंदिया, तिरोडा, नागपूर येथे कामाला जाणे आपल्याला परके वाटत नाही. तेथे कोणी आजारी पडला, तर मिळेल त्या गाडीने घरचे माणूस जाऊन उशाशी बसते. आखातात किंवा युरोपात हे होत नाही. तेथे घरच्या माणसाच्या जागी एक कागद उभा असतो. तो कागद खरा असेल तर इस्पितळाचे दार उघडते. नसेल तर गाठीचे पैसे संपतात आणि मग शेत गहाण पडते.

मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातली व देशावरची माणसे गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. आजारी मजुराला औषधोपचार मळेवाल्याने द्यावा, असे त्या व्यवस्थेत लिहिलेले होते. पण त्याच बेटावर एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘डबल कट’ नावाची रीतही होती. ज्याला करार वाचता येत नव्हता, त्याला आपला हक्क कोणता आणि धन्याची मेहेरबानी कोणती हे कसे कळावे? आज आपली मुले शिकलेली आहेत, पण सही करण्यापूर्वी कागद वाचण्याची सवय अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

आपल्या सरकारने या बाबतीत काही तजवीज केली आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली, ज्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा आहे, त्यांना ठरावीक अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया हे देश त्यांत येतात. त्या परवानगीसाठी ‘प्रवासी भारतीय बिमा योजना’ ही पॉलिसी सक्तीची आहे. ती २००३ साली सुरू झाली आणि २०१७ साली सुधारली. त्या सुधारणेत दोन वर्षांचा हप्ता कर सोडून २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये ठरला. अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये, आणि दुखापत वा आजारासाठी एक लाखापर्यंत इस्पितळखर्च, त्यातही एका वेळी पन्नास हजारांपर्यंत, अशी तिची मर्यादा आहे. कामगाराचा अपघाती मृत्यू झाला तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्चही तीत धरलेला आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की परदेशातील मोठ्या शस्त्रक्रियेपुढे एक लाख रुपये फार पुरत नाहीत. म्हणून त्या देशाच्या कायद्याप्रमाणे मालकाने काढावयाचा विमा वेगळा हवाच. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर हा शेरा येत नाही. त्याला परवानगी नको, म्हणून विम्याची सक्तीही नाही. मुलगा शिकला याचा घरच्यांना आनंद होतो, आणि तो रास्तही आहे. पण जी पॉलिसी अशिक्षित मजुराच्या हाती सक्तीने पडते, ती या शिकलेल्या मुलाच्या हाती आपोआप येत नाही. त्याने विमा स्वतः विचारून घ्यावा लागतो.

निरनिराळ्या देशांचे नियमही निरनिराळे आहेत. दुबईत २०१३ च्या कायद्याने कामगाराचा आरोग्यविमा ही मालकाची जबाबदारी झाली. शारजा, अजमान वगैरे अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून तसाच नियम आला असून विम्याशिवाय निवासाचा परवाना मिळत नाही व त्याचे नूतनीकरणही होत नाही. सौदी अरेबियात १९९९ च्या कायद्याने हा भार मालकावर आहे. युरोपात अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसासाठी निदान तीस हजार युरोंचा विमा दाखवावा लागतो. जर्मनीत नोकरी सुरू झाली की कामगार तेथील आरोग्यविम्यात येतो. पण विमानातून उतरल्यापासून कामावर रुजू होईपर्यंतच्या दिवसांसाठी निराळा विमा लागतो. इंग्लंडमध्ये पॉलिसीऐवजी व्हिसाच्या अर्जाबरोबरच सरकारी अधिभार भरून घेतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड झाला. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर तिन्ही वर्षांची रक्कम आधीच भरावी लागते. परिचारिका व डॉक्टर यांच्यासाठी असलेल्या आरोग्यसेवेच्या व्हिसाला हा अधिभार माफ आहे.

आता आमच्या माहितीतील एका घरची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. एका एजंटाने मुलाला नोकरीचे वचन देऊन पर्यटनाच्या व्हिसावर आखातात पाठविले. “विमा झाला आहे, काळजी नको,” असे आईवडिलांना सांगितले. विमा झाला होता हे खोटे नव्हते. पण तो महिनाभराच्या प्रवाशाचा विमा होता. मुलगा बांधकामावर राबू लागला आणि परातीवरून पडला. प्रवाशाच्या पॉलिसीत मजुरीच्या कामावरील अपघात बसत नाही, असे उत्तर आले. मालकाच्या दप्तरी त्याचे नाव नव्हते, आणि सरकारी परवानगी घेतलेली नसल्यामुळे प्रवासी भारतीय बिमाही नव्हता. मुलगा जिवानिशी परत आला, ही देवाची कृपा. इस्पितळाचे देणे मात्र आईच्या पाटल्या मोडून फेडावे लागले.

अशीच दुसरी एक गफलत वारंवार होते. आखातात जाण्यापूर्वी नेमलेल्या केंद्रात रक्ताची व छातीची तपासणी करतात. त्या दाखल्यालाच पुष्कळ घरांत “मेडिकल झाले” म्हणतात आणि निर्धास्त होतात. तो दाखला मुलगा आज धडधाकट आहे एवढेच सांगतो. उद्या तो आजारी पडला तर खर्च कोण देईल, हे त्यात लिहिलेले नसते.

म्हणून मुलगा निघण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी चार प्रश्न विचारावेत. व्हिसा नोकरीचाच आहे ना? विम्याचा हप्ता मालक भरणार की तो पगारातून कापला जाणार? विमा कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत चालतो, आणि मधले काही दिवस मोकळे राहतात काय? त्यातून काय वगळले आहे, आणि खर्चाचा किती हिस्सा कामगाराने स्वतः भरावयाचा आहे? मुलाला मधुमेह, दमा किंवा जुने दुखणे असेल तर ते अर्जात लपवू नये. आज व्हिसा अडेल या भीतीने लपविलेले दुखणे उद्या विमा कंपनीच्या हाती नकाराचे कारण देते.

पॉलिसीवर वारसाचे नाव पासपोर्टातील नावाशी जुळते की नाही, तेही पाहावे. आपल्याकडे सुनेचे माहेरचे नाव एका कागदावर व सासरचे दुसऱ्यावर, असे सर्रास असते. दुःखाच्या वेळी तेवढ्या फरकाने घरचे पैसे अडकून राहतात. आणि सर्व कागदांची एक प्रत घरी ठेवावी. परदेशातील पेटीत कुलूपबंद असलेली पॉलिसी येथील आईच्या काय उपयोगाची?

विश्वस्त मंडळींना आमची एक सूचना आहे. संस्थेने आजवर शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांना मदत केली. आता परदेशी जाणाऱ्यांची एक नोंदवही कार्यालयात ठेवावी. पासपोर्ट, नोकरीचा करार आणि पॉलिसी यांच्या प्रती तेथे जपून ठेवाव्यात आणि इंग्रजी जाणणाऱ्या दोन सभासदांनी त्या आधी वाचून घरच्यांना मराठीत समजावून द्याव्यात. याला मोठा निधी लागत नाही; एक कपाट आणि आठवड्यातील एक संध्याकाळ पुरे. आमच्यापैकी काही जण ही संध्याकाळ देण्यास तयार आहेत. आणखी ज्यांना यावयाचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे नाव द्यावे.

आपली मुले दूर जातील, मिळवतील आणि सुखरूप परत येतील, अशी श्रीरामचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.