दया नको, हक्क हवा



पगार आणि बक्षिसी यांतला फरक आम्ही कामगारांना आयुष्यभर सांगत आलो. तोच आज अपंग मुलांच्या शिक्षणासंबंधी सांगावयाचा आहे.

आमच्या संघटनेतला एक हमाल आपल्या मुलीला रोज पाठीवरून शाळेत नेई. वाटेत चिऱ्यांच्या पायऱ्या, मग होडी. पाचवीला त्याची पाठ गेली आणि मुलीची शाळाही सुटली. फी तिला माफच होती!

१९८४ साली नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' संस्था काढली. स्वतः चाकांच्या खुर्चीवर बसून त्यांनी अशा मुलांसाठी वसतिगृह, शाळा उभी केली. काम थोर खरेच. पण गावोगावी नसीमाताई कोठून आणावयाच्या?

म्हणून कायदा हवा. आणि तो आहे. २०१६ च्या कायद्याने, निदान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सरकारी पैसा वा मान्यता घेणाऱ्या शाळांनी इमारत सुगम करावी, वाहनाची सोय करावी, हेही त्यात आहे.

तेव्हा ग्रामसभेत हात जोडू नका, हिशेब मागा. बापाच्या पाठीवर सरकारची जबाबदारी किती दिवस लादायची?