‘नाटकं करते’ म्हणण्याआधी

आज आजारपणावर बोलू या, पण सुरुवात एका नाटकापासून.

फ्रान्समध्ये मोलिएर नावाचा मोठा नाटककार होऊन गेला. त्याच्या १६७३ सालच्या एका विनोदी नाटकातला घरधनी चांगला धडधाकट असतो, पण आपण आजारीच आहोत असं धरून बसलेला. औषधांची बिलं मोजत बसतो. घरातच डॉक्टर असावा म्हणून लेकीचं लग्नही डॉक्टरशी ठरवतो! अशी माणसं आपल्याकडेही आहेत. जरा अंग दुखलं की त्यांना सलाईन हवी.

पण हे सोंग वठवणारा मोलिएर स्वतः खरोखरच आजारी होता. छातीचं जुनं दुखणं, खोकला. चौथ्या प्रयोगात त्याला रंगमंचावरच झटका आला. तो त्याने हसण्यात लपवला, प्रयोग पुरा केला आणि काही तासांत घरी वारला.

दुखणं हसण्यावारी नेणं आपल्याला तरी कुठं नवीन आहे? बाई खोकली, बसली, की लगेच कोणीतरी म्हणतं, “नाटकं करते.” मग तीही गप्प राहते.

आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी आठवा. डोकेदुखी, ताप, धाप त्यांच्या मागे लागलेलीच होती. तरी १८८३ साली, अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा त्यांची वाट बघत होती. पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी नव्हती. क्षयाचा जंतू १८८२ सालीच सापडला होता, पण त्यावरचं औषध यायला आणखी साठ वर्षं लागली.

त्यांना जे मिळालं नाही, ते आज आपल्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, भूक मरणं यातलं काहीही असलं तर आशाताईंना सांगा आणि थुंकी तपासून घ्या. औषध बहुतेकांना सहा महिने घ्यावं लागतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात.

सुप्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या असोत की शेतात खुरपणाऱ्या, खाडा पडेल म्हणून आपण दुखणं अंगावर काढतो. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी एकच विचारा: “कुणाला खोकला आहे का गं?” आणि जी हो म्हणेल, तिच्याबरोबर एकीने दवाखान्यात जा.