शांततेच्या काळातील सक्तीची सैन्यभरती

युद्ध पेटले म्हणजे सरकार तरुणांना फौजेत बोलावते, हे आपल्या परिचयाचे आहे. परंतु ज्या देशावर कोणी चाल करून आलेले नाही आणि ज्याच्या प्रजेस परक्या रणांगणाचा मनस्वी तिटकारा आहे, त्या देशाने शांततेच्या काळातच सक्तीच्या लष्करी नोकरीचा कायदा करावा, ही घटना विचार करण्याजोगी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १६ सप्टेंबर १९४० रोजी अशा कायद्यावर सही केली. जूनमध्ये फ्रान्स कोसळला होता, लंडनवर बाँब पडत होते आणि नोव्हेंबरात अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक व्हायची होती. तरीही प्रतिपक्षाचे उमेदवार वेंडेल विल्की यांनी भरतीच्या तत्त्वास जाहीर पाठिंबा दिला, हे त्यांच्या देशनिष्ठेस भूषणावह होय.

१६ ऑक्टोबरला २१ ते ३५ वर्षे वयाच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक पुरुषांनी आपली नावे दप्तरी नोंदविली. कोणास बोलवायचे आणि कुटुंबाचा पोशिंदा म्हणून कोणास सूट द्यायची, याचा निवाडा गावोगावच्या स्थानिक मंडळांकडे, म्हणजे उमेदवाराच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेच, सोपविला होता. २९ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये सोडत निघाली. युद्धमंत्री स्टिम्सन यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यात आली. १९१७ च्या सोडतीत वापरलेल्याच काचेच्या भांड्यातून त्यांनी पहिली चिठ्ठी उचलली आणि अध्यक्षांनी आकडा वाचला, १५८. प्रत्येक मंडळाची क्रमवारी स्वतंत्र असल्यामुळे त्या एका आकड्याने देशभरच्या हजारो घरांत एकाच क्षणी धस्स झाले असेल.

नोंदणीच्या दुसऱ्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. आपल्याकडे सक्तीची भरती नव्हती. पण १९३९ मध्ये हा खंडप्राय देश युद्धात लोटताना व्हाइसरॉयांनी लोकप्रतिनिधींना विचारलेही नव्हते. तिकडे सक्ती होती, परंतु तिच्यावर कायदेमंडळात उघड वाद झाला होता आणि मतदारांना त्याचा जाब विचारता येत होता. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. मात्र त्याच कायद्याने निवडीत व शिक्षणात वर्णभेद करू नये असे बजावलेले असता काळ्या शिपायांच्या पलटणी वेगळ्याच राहिल्या. समान कर्तव्य मागणाऱ्या राज्याने समान मान नाकारावा, हा निखालस अन्याय होता.

शिपायांना सांगितलेली मुदत एका वर्षाची होती आणि आरंभीचा पगार दरमहा २१ डॉलर. आणीबाणीत मुदत वाढविण्याची सोय कायद्यात होती खरी. तथापि १९४१ च्या उन्हाळ्यात तसा ठराव येताच छावण्यांतून असंतोष उसळला, आणि १२ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने तो २०३ विरुद्ध २०२ अशा अवघ्या एका मताधिक्याने संमत केला. चार महिन्यांच्या आतच पर्ल हार्बरवर जपानी विमाने तुटून पडली, आणि तेव्हापासून त्या २०२ सभासदांना अदूरदर्शी म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला ती मान्य नाही. ठराव संमत झाला हे इष्टच झाले, कारण शिकून तयार झालेली फौज ऐन वेळी विखुरली असती. परंतु सक्तीने घरातून नेलेल्या तरुणाला दिलेला शब्द सहजासहजी फिरविता कामा नये, असे बजावणारेही त्या सभागृहात जवळजवळ निम्मे होते, आणि म्हणूनच त्या कायद्याला लोकांचा कायदा म्हणावयास मी कचरत नाही.