शस्त्रक्रियेनंतरचं घर



वडिलांची मोठी शस्त्रक्रिया होते, डॉक्टर बाहेर येऊन ‘ऑपरेशन व्यवस्थित झालं’ म्हणतात आणि घरच्यांना वाटतं, घाट उतरलो. घरच्यांचं खरं काम तिथून सुरू होतं. माझं बरंच आयुष्य अतिदक्षता विभागात गेलं. त्या अनुभवावरून पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांबद्दल मी बोलणार आहे.

या रक्तवाहिनीची रुंदी पोटात साधारण २ सेंटिमीटर असते. भिंत कमकुवत झाली की ती फुगत जाते, बहुधा काहीही न दुखता. पुरुषांमध्ये हा फुगवटा साडेपाच सेंटिमीटरवर गेला की तो फुटण्याची भीती वाढते आणि शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी असा भाग काढून तिथे मृत दात्याची धमनी जोडली. पुढे डेक्रॉनच्या कृत्रिम नळ्या आल्या. १९९० साली ब्युनॉस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळी आत नेऊन बसवली. या पद्धतीत रुग्ण लवकर घरी जातो, पण स्कॅन करून नळीवर कायम लक्ष ठेवावं लागतं. पोट उघडलं असेल तर रुग्णालयात आठवडाभर किंवा त्याहून अधिक राहावं लागतं आणि अंगात पूर्वीची ताकद यायला दोन-तीन महिने लागतात.

पोट उघडून नळी शिवताना महाधमनीतलं रक्त काही वेळ क्लॅम्प लावून थांबवतात. त्याचा ताण मूत्रपिंडं, आतडी आणि पाय यांच्यावर पडतो. म्हणून दर तासाला लघवी मोजतात, पावलांची नाडी तपासतात आणि ‘गॅस सुटला का?’ असं पुन्हा पुन्हा विचारतात. मुलांना हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण आतडी पुन्हा कामाला लागल्याची ती पहिली खूण असते. मॉनिटरवरचा प्रत्येक आकडा पाहून घाबरू नका. श्वास, लघवी, पावलं आणि आतडी यांची कालच्यापेक्षा आज काय स्थिती आहे, एवढं रोज विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाबा वेगळंच बोलू लागतात. भिंतीवर मुंग्या दिसतात, वारलेल्या भावाला हाका मारतात, सलाईन ओढतात. ‘बाबांचं डोकं गेलं’ म्हणून मुलगी रडते. वयस्कर रुग्णांमध्ये असा भ्रम वरचेवर होतो आणि बहुतेकांचा ओसरतो. तो दिसताच डॉक्टरांना सांगा; कारण कधी जंतुसंसर्ग, कधी प्राणवायूची कमतरता, कधी औषध त्यामागे असतं. त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ ठेवा, आज वार कोणता ते सांगा, दिवसा उजेड आणि रात्री झोप मिळेल असं पाहा. त्यांच्याशी वाद घालू नका, हात धरून घरच्या बोलीत बोला. ओळखीच्या आवाजाचं हे काम औषधाने होत नाही.

डेक्रॉनची नळी रूढ करणारे ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकेल डीबेकी यांची २००६ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, त्यांनीच विकसित केलेल्या पद्धतीने महाधमनीची शस्त्रक्रिया झाली. पुढे कित्येक आठवडे व्हेंटिलेटर, डायलिसिस, घशात छेद. रुग्णालयातून सुटायला सप्टेंबर उजाडला. नंतर ते कामावर परतले आणि २००८ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर, वारले. प्रत्येक रुग्णाचा शेवट असा होत नाही. पण बरं होणं सरळ चढत जात नाही, मध्ये घसरण येते, आणि एका वाईट दिवसावरून निकाल लावायचा नसतो, हे या उदाहरणातून घ्यावं.

हे चढउतार पेलण्यासाठी घराने कामं वाटून घ्यावीत. बहीण पुण्यात रुग्णालयात आणि भाऊ न्यू जर्सीत असेल, तर डॉक्टरांशी एकानेच बोलावं, वहीत लिहावं आणि रोज संध्याकाळी सगळ्यांना तेच कळवावं. दूर असलेल्याने जवळच्याला जाब विचारू नये. ‘तू आज जेवलीस का?’ एवढं विचारलं तरी तिला बळ येतं.

घरी आल्यावर भूक मंदावते, चिडचिड होते, दुपारभर झोप लागते. त्याला आळस म्हणू नका. रोज थोडं जास्त चालवा, दीडेक महिना जड उचलू देऊ नका, बिडी-सिगारेट कायमची बंद करा. ताप, जखमेतून पाणी, थंड पडलेलं पाऊल, शौचातून रक्त किंवा पोटात-पाठीत अचानक कळ, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

शेवटी मुलांना कळकळीने सांगतो. हा आजार घराण्यात येऊ शकतो. वडिलांना असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्या मुलांनी डॉक्टरांना विचारून पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. ती काही मिनिटांत होते, दुखत नाही आणि फुगवटा फुटण्याआधी सापडतो. वडिलांच्या सेवेत गुंतल्यामुळे ही तपासणी राहून जाते. ती या महिन्यातच करा.