जुनी वास्तू आणि आजची कला

जुनी वास्तू रिकामी झाली की तिच्या नशिबी बहुधा दोनच गोष्टी येतात. एक कुलूप किंवा मग कुदळ. तिसरी वाट अलीकडे दिसू लागली आहे. त्या वास्तूत आजच्या चित्रकारांना आणि शिल्पकारांना बोलवावयाचे. ही वाट चांगली की केवळ हौसेची, याचा आज थोडा विचार करू.

पणजीला मांडवीच्या काठी आदिलशहाचा राजवाडा उभा आहे. मूळचा विजापूरच्या सुलतानाचा. पुढे १७५९ पासून १९१८ पर्यंत पोर्तुगीज व्हाइसरॉय व गव्हर्नर तेथे राहिले. त्यानंतर तेथे सचिवालय आले, आणि गोव्याची विधानसभाही २००० पर्यंत तेथेच भरत असे. ज्या दालनांतून सुलतान, साहेब आणि सचिव एकामागून एक निघून गेले, त्याच दालनांतून २०१६ मध्ये सेरेन्डिपिटी कलामहोत्सवाची प्रदर्शने मांडली गेली. सरकारी कचेरीत दिवस घालविणाऱ्या माझ्यासारख्याला यातील बोध सहज उमगतो. कचेरीत सामान्य माणूस अर्ज घेऊन जातो आणि दारापाशी थबकतो. प्रदर्शनाला तोच माणूस मुलांचा हात धरून आतवर जातो. सत्तेचे घर लोकांचे होते ते असे.

पण वास्तू उघडली एवढ्याने काम भागत नाही. जुन्या महिरपीखाली कोणतेही चित्र टांगले तरी ते भारदस्त दिसते, आणि हाच खरा धोका आहे. मग वास्तू केवळ पडदा होते, चित्र केवळ सजावट होते, आणि दोघांचे एकमेकांशी बोलणे होत नाही.

ते बोलणे कसे होते, हे मुंबईत भायखळ्याला पाहावयास मिळाले. तेथील वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. वास्तू जीर्ण झाली होती. २००३ मध्ये महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इन्टॅक यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार हाती घेतला, आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. आधी छप्पर आणि भिंती, मागाहून प्रदर्शने, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०११ मध्ये जितीश कल्लाट यांनी तेथे बांबूची परांची वाटावी अशी रचना उभी केली. ते बांबू खरे नव्हते, साच्यात ओतलेले होते. पाहणाऱ्याला क्षणभर वाटावे, दुरुस्ती अजून चालूच आहे! परांचीची आठवण ताजी असलेल्या त्या वास्तूतच या कृतीला अर्थ होता. कोऱ्या पांढऱ्या भिंतींच्या दालनात तो निम्मा उरला असता.

अशा मेळात वाद होणारच. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचे पोलादी शिल्प २०१५ मध्ये फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्याच्या उद्यानात ठेवले गेले, तेव्हा त्यावर एकाहून अधिक वेळा रंग फासण्यात आला. जुन्याला नव्याचा विटाळ होतो, अशी भावना सर्वत्र आहे. तिची थट्टा करू नये, पण तिला शरणही जाऊ नये. प्रत्येक जुनी वास्तू बांधली त्या दिवशी नवीच होती. व्हर्सायचा राजवाडा त्याला अपवाद नाही.

रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीत राहणाऱ्या आम्हाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रे याच शहराचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी रंगविली. नंदलाल बसूंच्या या शिष्याने स्वातंत्र्यलढा रंगविला तेव्हा तो लढा कालपरवाचा होता आणि चित्रकार तरुण होता. आज ती चित्रे स्वतःच इतिहास झाली आहेत आणि जपावी लागत आहेत.

तेव्हा आपल्या गावातील वाडा, गढी किंवा जुना बंगला यांविषयी निर्णय घेण्याची वेळ आली, तर तीन गोष्टी पाहाव्यात. पाऊस आत येत नाही ना? भिंतीत एकही खिळा न ठोकता कलाकृती मांडता येईल ना? आणि ती काढून नेल्यावर पाहणारा त्या घराकडे अधिक जिव्हाळ्याने पाहील ना? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर कुलूप काढण्यास विलंब लावू नये.