क्रमिक पुस्तकांतील इस्लाम आणि आपली जबाबदारी



बी.ए.च्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत व गाईडांत 'मुस्लिम कालखंड' हा शब्द आजही आढळतो. तो आला कोठून? जेम्स मिल या स्कॉटिश लेखकाने १८१७ साली भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुस्लिम व ब्रिटिश असे भाग पाडले. इतरांच्या काळाला धर्माचे नाव, स्वतःच्या राज्याला मात्र देशाचे! हा गृहस्थ भारतात कधी आलाही नव्हता. १९६९ साली रोमिला थापर, हरबन्स मुखिया व बिपन चंद्र यांनी या विभागणीतील दोष दाखवून दिले. तरी ती पुरती गेली नाही.

आता आमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. 'बख्तियार खिलजीने नालंदा जाळले' हे वाक्य आम्ही सर्वांनी पाठ केले आहे. मूळ साधन काय सांगते? तेराव्या शतकातील मिन्हाज-इ-सिराज बिहारमधील एका तटबंदीच्या विहारावरील हल्ला व मुंडन केलेल्यांची कत्तल नोंदवतो. नालंदाचे नाव घेत नाही. अनेक अभ्यासक ते ठिकाण ओदंतपुरी मानतात. पुढे १२३५च्या सुमारास तिबेटी भिक्खू धर्मस्वामी नालंदात पोहोचला, तेव्हा वृद्ध आचार्य राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. तुर्क सैनिकांची दहशत होतीच. तीही त्याने लिहून ठेवली आहे.

म्हणून झालेली कत्तल लपवावी असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी मुस्लिम आक्रमणांचा आघात स्पष्ट शब्दांत मांडला, तसा त्याआधीच्या ब्राह्मणी प्रतिक्रांतीचाही शोध घेतला. सेनापतीचे कृत्य सेनापतीच्या नावावर लिहावे. त्याचा हिशेब आज शेजारच्या बाकावर बसलेल्या मुस्लिम मुलाकडे मागू नये. इस्लामचा धडा केवळ स्वाऱ्यांचा असेल, तर अकराव्या शतकात संस्कृत शिकून भारतावर ग्रंथ लिहिणारा अल्बेरुनी कोठे राहिला? मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद कोठे राहिले?

विद्यार्थी मित्रहो, धडा वाचताना तीन प्रश्न विचारा : कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशाच्या आधारे लिहिले? आमच्या पूर्वजांविषयी इतरांनी लिहिलेले आम्ही तपासल्याशिवाय स्वीकारत नाही. तोच न्याय दुसऱ्या समाजाला देणे हे आमचे कर्तव्य आहे.

जयभीम!